सरावलेली अळी

दसरा उलटला की कपाशीच्या वावरात शिरताना आधी फुलांकडे बघावं. फूल मोकळं उमललेलं असेल तर पुढे चालावं. पाकळ्या एकमेकींना चिकटून पिळा दिल्यासारख्या मिटल्या असतील, फूल गुलाबाच्या अर्ध्या कळीसारखं दिसत असेल, तर ती डोमकळी. आत अळी बसली आहे आणि तिनेच स्वतःच्या धाग्याने पाकळ्या आतून शिवून टाकल्या आहेत. हे निदान शाळकरी पोरालाही जमतं.

बोंडाचं तसं नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, अगदी निरोगी दिसतं. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरते ते भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. म्हणून बोंड तोडायचं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडायचं आणि कप्पे एकेक करून बघायचे. एक कप्पा पांढराशुभ्र. दुसऱ्यात पिवळट डाग, कुजका ओला कापूस, आणि सरकीच्या पोटातून अर्धी बाहेर आलेली, अर्ध्या इंचाच्या आतबाहेरची शेंदरी अळी. ऊन लागताच ती लगबगीने वळते आणि पुन्हा सरकीत डोकं खुपसते. असं बोंड धड फुटत नाही. त्यातून निघते ती कवडी, आणि कवडीला बाजारात काय भाव मिळतो हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने मला असंच बोंड फोडून दाखवलं होतं. "काका, हे तर बीटी आहे ना?" मी विचारलं. ते हसले. "बीटीच हाये. पन थे आता सरावली, भाऊ. औषधाले बी अन् बीटीले बी."

सरावली. हा शब्द मी त्यानंतर कृषी केंद्रांच्या काउंटरवर ऐकला, शिबिरांत ऐकला, वर्तमानपत्रांत वाचला. शिकलेली माणसं त्याऐवजी 'अळीने प्रतिकारशक्ती कमावली' म्हणतात, एवढाच फरक. दोन्हींत एकच चित्र आहे: अळी विष खाते, आजारी पडते, सावरते, पुन्हा खाते, आणि हळूहळू तिचं अंग त्याला तयार होतं. तालमीत पोरगा तयार होतो तसं.

असं काहीही झालेलं नाही. मग काय झालं, ते सांगण्यासाठी हे प्रकरण आहे. कारण ते नीट कळलं तर उत्क्रांती कळली. त्यासाठी डायनासोरकडे जायची गरज नाही, गॅलापगोस बेटांवरही नाही.

'सरावण्या'चं हे चित्र फार जुनं आणि फार मोहक आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०९ साली आपल्या ग्रंथात ते तपशिलात मांडलं. प्राणी आयुष्यात जे अवयव वापरतो ते सुदृढ होतात, जे वापरत नाही ते खुरटतात, आणि हा बदल पुढच्या पिढीकडे जातो. लामार्क मूर्ख नव्हता. सजीव बदलतात हे मोकळेपणाने म्हणायलाच त्या काळात धैर्य लागे. पण कमावलेलं शरीर वारशाने मिळत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिढ्यान् पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून बघितल्या. पिल्लं प्रत्येक वेळी शेपटीसकट जन्मली. खरं तर त्याने उंदीर पाळायची तसदी घ्यायला नको होती. आपण शेकडो वर्षं पोरांचे कान टोचतो आहोत. लामार्कचं खरं असतं तर एव्हाना मुलं भोकं पडलेले कान घेऊनच जन्मली असती आणि सोनारांचा एक धंदा बसला असता.

तरीही शंका उरते. विषाच्या संपर्काने आतली जनुकंच बदलत असली तर? विष आलं म्हणून बदल झाला, की बदल आधीच होता आणि विषाने तो फक्त उघडा पाडला? याचा सुरेख निकाल १९५२ साली अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने लावला, आणि त्यासाठी वापरली मखमल.

काचेच्या चपट्या ताटलीत जिवाणूंच्या वसाहती वाढल्या होत्या, साबुदाणे विखरावेत तशा. लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवलेली मखमल त्यांनी त्या ताटलीवर अलगद टेकवली. मखमलीच्या प्रत्येक केसाला थोडे थोडे जिवाणू चिकटले. मग तोच ठोकळा दुसऱ्या ताटलीवर टेकवला. छापा उठला, वसाहती जशाच्या तशा जागी. फक्त या दुसऱ्या ताटलीत स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेलं होतं. तिथे बहुतेक सगळे मेले, दोन-चार ठिपके तेवढे वाढले. आता खरी गंमत. मूळ ताटली तशीच ठेवलेली होती, तिला औषधाचा वाससुद्धा लागलेला नव्हता. तिच्यावर त्याच जागांवरचे जिवाणू उचलून तपासले तर प्रतिकारक जिवाणू तिथे आधीपासून बसलेले होते. शत्रूचं तोंडही न पाहिलेले, पण त्याला पुरून उरणारे.

हे मनात पक्कं धरून पुन्हा वावरात येऊ.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये इशिवाता शिगेताने याने १९०१ साली रेशमाचे किडे मारणारा रोग शोधताना तो पहिल्यांदा पाहिला. पुढे दहा वर्षांनी जर्मनीत थुरिंजिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळीत एर्न्स्ट बर्लिनरला तो पुन्हा सापडला, आणि नाव तिथलं पडलं. हा जिवाणू आपल्या पेशीत एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. आपल्या आम्लयुक्त पोटात ते काही बिघडवू शकत नाहीत. अळीच्या आतड्यात मात्र अल्कली वातावरण असतं. तिथे स्फटिक विरघळतो, अळीचीच पाचकद्रव्यं त्याला कापून धारदार करतात, आणि तो आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन बसतो, किल्ली कुलपात बसावी तसा. मग पेशीला भोकं पडतात. अळी खाणं थांबवते आणि मरते.

शास्त्रज्ञांनी या विषाचं जनुक कपाशीत घातलं. भारत सरकारने मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी दिली. तिच्यात 'क्राय-१-एसी' नावाचं एक विष होतं. २००६ साली 'क्राय-२-एबी' हे दुसरं जोडलेलं 'बोलगार्ड-२' आलं. सुरुवातीची वर्षं खरोखर सुखाची होती. बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, बोंडं स्वच्छ फुटली. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातलं ९० टक्क्यांहून अधिक कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं. लाखो हेक्टरांवर, एका जिल्ह्यापासून दुसऱ्या जिल्ह्यापर्यंत, अळीच्या पानात तीच विषं.

आता त्या कुलपाकडे बघा. शेंदरी बोंडअळीत पहिल्या विषाचं कुलूप म्हणजे कॅडहेरिन नावाचं प्रथिन. ते बनवणारं जनुक कधीमधी बिघडतं. पिढीगणिक जनुकांची नक्कल होताना चुका होतातच, कुठे अक्षर गळतं, कुठे अख्खा तुकडा. बिघडलेल्या जनुकातून वेडंवाकडं कुलूप तयार होतं आणि किल्ली बसत नाही. विष आतड्यातून नुसतंच निघून जातं. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या प्रतिकारक अळ्या तपासल्या तेव्हा दोन्हीकडे याच जनुकात बिघाड सापडले, पण वेगवेगळ्या जागी. दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए-२ नावाचं आणखी एक जनुक असंच मोडलेलं आढळलं.

मोडलेलं, हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. 'उत्क्रांती' या शब्दातला 'उत्' आपल्याला उगाच वर बघायला लावतो, जिना चढल्यासारखा. इथे कोणी काही चढलं नाही. अळीचं एक चांगलं चालणारं प्रथिन बिघडलं, आणि नेमक्या त्या काळात, त्या पिकावर, बिघाडच कामी आला. बीटी नसलेल्या कपाशीवर या बिघडलेल्या अळ्या बऱ्याचदा इतरांहून थोड्या मागेच पडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

थोडा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा हजारात एक जनुक-प्रत बिघडलेली आहे. प्रत्येक अळीकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर दुसरी चांगली कुलपं बनवत राहते आणि अळी मरते. वाचायला दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात, म्हणजे हजारात एक गुणिले हजारात एक, दहा लाखांत एक अळी. एखाद्या शिवारात एक कोटी अळ्या असतील तर वाचल्या दहा. शेतकऱ्याला त्या दिसणारही नाहीत. पीक उत्तम, सगळे खूश.

पण त्या दहांचे पतंग झाले. त्यांना जोडीदार कोण? बाकी सगळे तर मेले. म्हणजे वाचलेले वाचलेल्यांशीच जुगणार, आणि त्यांच्या पोटी जी अळी येईल तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्याच असणार. एक मादी शंभर-दीडशे अंडी सहज घालते. महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी तयार. एका हंगामात अशा चार-पाच पिढ्या होतात. कोणीही सरावलं नाही. एकाही अळीच्या अंगात तिच्या हयातीत काही बदललं नाही. जन्मताना जशी होती तशीच ती मेली किंवा जगली. बदलली ती अळ्यांची जत्रा.

ही गोष्ट बीटी बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हती असं नाही. त्यांनी उपायही सांगितला होता. बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढं लावा. या पट्ट्याला इंग्रजीतून आलेला शब्द 'रेफ्युजी', म्हणजे आसरा. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी त्याचसाठी मिळे. साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढणार, त्यांचे शेकडो पतंग उडणार, आणि बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाची गाठ त्यांच्याशीच पडण्याची शक्यता जास्त. त्या जोडप्याच्या पोरांकडे एक प्रत चांगली, एक बिघडलेली. ती बीटीवर मरतात. प्रतिकार मारण्यासाठी विष वाढवायचं नाही, तर अळीचं लग्न लावून द्यायचं. इतकी हुशार युक्ती मला शेतीशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

ती पुडी बांधावर फेकली गेली, घरात पडून राहिली, किंवा नांग्या भरायला वापरली गेली. मग शिबिरांतून शेतकऱ्याला दोष दिला गेला. मला तो दोष पटत नाही. तीन एकरांच्या मालकाने आपल्या शिवारातला हिस्सा अळीला खाऊ घालावा, कशासाठी, तर आठ-दहा वर्षांनी तालुक्यातल्या सगळ्यांचं बियाणं टिकावं म्हणून. शेजारी लावत नाही, मग मीच का? हजारो एकरांच्या अमेरिकी शेतासाठी आखलेला नियम जसाच्या तसा दारव्ह्यात आणि सेलूत आणला तर दुसरं काय होणार? नंतर साधं बियाणं बीटीच्या पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, म्हणजे फेकायचा प्रश्नच नको. तोवर बराच उशीर झाला होता.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपली बीटी कपाशी संकरित, हायब्रिड. एक पालक बीटी, दुसरा साधा. त्या झाडाला बोंड धरतं तेव्हा आतल्या सरक्या पुढच्या पिढीच्या असतात, आणि मेंडेलच्या वाटाण्यांचा नियम त्यांनाही लागू होतो. एकाच विषाच्या बीटी हायब्रिडमध्ये चारातल्या साधारण एका सरकीत विष नसतं. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या. शेंदरी अळी तर सरकीचीच भुकेली. म्हणजे त्याच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी वाढलेले. एकच प्रत बिघडलेली, एरवी मरणारी अळी थोडं विष, थोडं साधं असं खात तरून जाऊ शकते. आसऱ्याची जी युक्ती शेताच्या कडेला हवी होती ती बोंडाच्या आत घडली, आणि तिथे तिचा परिणाम नेमका उलटा झाला.

त्यात आपली हायब्रिडं लांब मुदतीची, सहा-सात महिने उभी राहणारी. पाणी असेल तिथे वेचणीनंतरही पऱ्हाटी न उपटता फरदड घ्यायची सवय. अळीला उपासाचा काळच उरला नाही.

पुढचं वेळापत्रक लहान आहे. २०१० च्या मार्चमध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचं बियाणं-तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनेच मान्य केलं. मग भिस्त दुसऱ्या विषावर. पण दोन कुलपांचं दार तेव्हाच भक्कम असतं जेव्हा दोन्ही कुलपं शाबूत असतात. एक आधीच उघडलेलं होतं. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत दुसरंही उघडलं, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून जळगावपर्यंत शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर आणि जनावरं घातली. याच अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात झालं होतं ते भडोचकडच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. म्हणजे ती घरचीच, जुनी ओळखीची.

आता एक प्रश्न विचारायला हवा. त्याच शेतात हिरवी बोंडअळीही होती, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो. तिलाही तेच विष, तितकीच वर्षं मिळालं. ही तर जास्त नामांकित गुन्हेगार. १९८७ साली आंध्रात गुंटूर आणि प्रकाशम जिल्ह्यांत सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना न जुमानता तिने कपाशी फस्त केली आणि कर्जात बुडालेल्या कित्येक शेतकऱ्यांनी जीव दिला. खरं तर बीटी आणली गेली ती मुख्यतः तिच्यासाठी. मग शेंदरीने बोलगार्ड-२ मोडीत काढलं, तेव्हा या अट्टल हिरवीने तसं का केलं नाही?

उत्तर कपाशीच्या शेजारच्या तासात आहे, तुरीच्या. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, भेंडी, ज्वारीचं कणीस, जे मिळेल ते. त्यात कुठेही बीटी नाही. म्हणजे बापजाद्यांपासून कपाशीत तुरीचं तास टाकणाऱ्या शेतकऱ्याने नकळत तिच्यासाठी आसरा लावून ठेवला होता. तिथून साधे पतंग उडत राहिले आणि बीटीतल्या वाचलेल्यांशी जुगत राहिले. शेंदरी मात्र जवळजवळ फक्त कपाशीवर जगणारी. कपाशी सगळी बीटी झाली तेव्हा तिच्या साध्या भाऊबंदांना राहायला जागाच उरली नाही. एक वावर, एक विष, दोन अळ्या, आणि निकाल दोन. चिकाटी किंवा ताकद कुठेच आली नाही. कोणाचं लग्न कोणाशी लागू शकलं, एवढंच.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षं आसऱ्याचे पट्टे इमानाने लावले. २००६ पासून तिथे वेगळाच मार्ग धरला: कारखान्यात वाढवून किरणांनी वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून शेतांवर सोडले. शेतातला पतंग वांझाशी जुगला की वंश तिथेच थांबतो. २०१८ साली अमेरिकी कृषी खात्याने तिथल्या कपाशीतून शेंदरी अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात तर कोणी काही ठरवलंही नव्हतं. स्वस्त पडतं म्हणून तिथे हायब्रिडच्या दुसऱ्या पिढीचं बी विकलं जाऊ लागलं, आणि त्यात साधारण चारातलं एक झाड बिनविषारी निघे. शेतभर विखुरलेला आसरा. २०१० पर्यंत चढत गेलेला अळीचा प्रतिकार पुढच्या पाच वर्षांत उतरला. आपल्याकडे एकाच बोंडात दाणे मिसळले तेव्हा नुकसान झालं, तिथे झाडं मिसळली तेव्हा फायदा. अळी एका दाण्यातून दुसऱ्या दाण्यात सहज जाते, एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जात नाही, एवढ्या फरकावर सगळं पालटलं.

वर्ध्याच्या काकांना मी हे सगळं सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग थे सरावली नाई म्हनता." "नाही." "ज्या मराच्या होत्या थ्या मेल्या, अन् ज्या नाई मेल्या त्यायचं खानदान वाढलं." मी म्हणालो, अगदी तेच. ते म्हणाले, "मंग आमच्या गावातल्या सावकारायचं बी असंच झालं."

निघताना त्यांनी बांधाजवळचा कामगंध सापळा दाखवला. पिवळसर झाकणाखाली रबराचं बारकं बूच, त्यात मादीच्या वासासारखा कृत्रिम वास. नर भुलून येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर उपाय सुरू करायचा, असा ठोकताळा. काकांनी पिशवीची गाठ सोडून पतंग तळहातावर ओतले. मळकट, राखाडी, नखाएवढे. बोटाने सारत त्यांनी मोजले. नऊ. कोणाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, कोणाची एक, आणि एखादा अजून जुना, साधा असलाच तर तो कोणता, हे बघून सांगता येत नव्हतं. त्यांनी हात झटकला आणि पिशवीला पुन्हा गाठ मारली.